मुखवट्याच्या कपाळावरचं कुंकू

मंगळवार पेठ, २७ ऑक्टोबर

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं आणि तिथंच थांबले. मुखवट्याच्या कपाळावर कुंकू. त्याच्या वर हळदीचं एक बोट, आणि कानाशी काथ्यात खोवलेलं झेंडूचं फूल.

चार दिवस खपले होते मी त्याच्यासाठी. पोरीला ३१ तारखेच्या हॅलोविनला दारावर लावायला काहीतरी भयानक हवं होतं. ते लोक भोपळा कोरतात, आणि त्याच्याही आधी आयर्लंडात सलगम कोरायचे, हे तिनंच मला सांगितलं. प्लॅस्टिकचा सांगाडा आणायचा नाही, घरीच करायचं, हे मात्र मी ठरवलं. रद्दी रात्रभर भिजवली, पाट्यावर वाटली. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घातलं, नाहीतर झुरळं रात्रीत नाक कुरतडतात. पालथ्या पातेल्यावर लगदा थापून गच्चीवर वाळवला. डोळ्यांना करवंट्या, आत काजळी. दातांना भोपळ्याच्या बिया. तोंडाला काव फासली. दाढीला तात्या लावायचे तसा काथ्या उकलून लावला. नाकपुड्या फुगवताना माझा अंगठा अगदी त्यांच्यासारखा वळला. असो.

आणि जमला होता तो! काल जिन्यातला बल्ब लावला तेव्हा माझ्याच छातीत धस्स झालं. पेपरवाला पोरगा वर चढलाच नाही, पेपर खालच्या पायरीवर ठेवून गेला. कितीतरी दिवसांनी मला स्वतःचं काहीतरी आवडलं होतं.

आता तो बेंदराला सजवलेल्या बैलासारखा दिसत होता.

आक्कांनीच लावलं असणार. लावलं याचं नाही, विचारलं नाही याचं लागलं. मी काढलेल्या रांगोळीत कुणीतरी एक रेघ वाढवतं. मी केलेल्या कटात कुणीतरी चिमूटभर मीठ टाकतं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट माझ्या हातून सुटली तशीच्या तशी राहिलेली आठवत नाही. ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “फोटोत बरं दिसतंय की.” ह्यांच्याबद्दल आज लिहायचं नाही.

दुपारी ओलं फडकं घेऊन पुसायला गेले. कुंकवाबरोबर कावही निघायला लागली. मागून पोरीनं विचारलं, “आई, राक्षसाची पण पूजा करायची असती?”

नाही म्हणणार होते. पण याच ललिता पंचमीला तिला घेऊन टेंबलाईच्या टेकडीवर उभी होते मी. अंबाबाईची पालखी रुसलेल्या टेंबलाईला भेटायला आली होती. गुरवांच्या घरातल्या कुमारिकेनं त्रिशूळानं कोहळा फोडला आणि तुकड्यांसाठी माणसं एकमेकांवर पडली. तो कोहळा म्हणजे कोल्हासुरच. त्याला मारला देवीनं, पण मरताना त्यानं मागितलं म्हणून नाव त्याचंच ठेवलं गावाला. आम्ही सगळे रोज पत्त्यात त्याचं नाव लिहितो. आक्कांना त्या झुंबडीत बोटाएवढा तुकडा मिळाला होता. पदराच्या गाठीत बांधून आणला त्यांनी, रस्ताभर गाठ मुठीत धरून.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी सकाळपासून मी कुढत बसले.

संध्याकाळी चहा देताना विचारलंच शेवटी, “आक्का, कुंकू तुम्ही लावलं?”

“मग? दारात उभा केलायस न्हवं त्याला? राखणीला हाय त्यो. बिनकुंकवाचा कसा ठेवायचा?” आणि जरा थांबून म्हणाल्या, “रात्री उठले तर लई भ्या वाटलं बघ मला त्याचं.”

भ्यायल्या होत्या त्या. भ्यायल्या म्हणून लावलं. मला हे सुचलंच नव्हतं.

मग मीच करंडा घेऊन गेले आणि पुसट झालेलं कुंकू परत ओढलं. बल्बखाली बघितलं तर डोळे अजून तसेच खोल आहेत, आणि त्या लाल रेघेखाली दात जास्तच पांढरे दिसतात.

दुपारच्या पुसापुशीत खालचा एक दात निखळला. मुखवटा उतरवून मांडीवर घेतलाय. खळ लावून तो दात डाव्या बोटानं दाबून धरलाय, आणि उजव्या हातानं हे लिहितेय. अजून ओला आहे.