पार्सल कोठे अडले, एवढे तरी कळावे

आमच्या किनारपट्टीवर दुबई, मस्कत किंवा कुवेतला कोणी ना कोणी नसलेले गाव शोधावे लागेल. त्यामुळे परदेशी टपाल रखडले की त्याची झळ घराघरांत पोहोचते आणि बोलणी मात्र गावच्या पोस्टमनला खावी लागतात. हा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते, कारण पार्सल अडते ते बहुधा त्याच्या हाताबाहेरच्या दोन गोष्टींमुळे: सुरक्षेचे नियम आणि हवामान.

ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून शिकागोच्या पत्त्यावर निघालेल्या दोन पार्सलांत, प्रिंटरच्या शाईच्या कार्ट्रिजमध्ये दडवलेली स्फोटके सापडली. एक इंग्लंडमधील ईस्ट मिडलँड्स विमानतळावर आणि दुसरे दुबईत. विमानात चढण्यापूर्वीच पार्सलात काय आहे हे कळले पाहिजे, ही मागणी त्यानंतर जोर धरत गेली. युरोपीय संघाने १५ मार्च २०२१ पासून तशी आगाऊ माहिती घेण्यास सुरुवात केली, तर अमेरिकेने २०१८ मध्ये, मुख्यतः टपालातून येणाऱ्या फेंटानिलसारख्या घातक अमली पदार्थांना आळा घालण्यासाठी, तसा कायदा केला. आता पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, पत्ते, वस्तूंचे वर्णन, वजन आणि किंमत ही माहिती संगणकावरून पार्सलाच्या आधी पुढे जावी लागते. नुसते ‘भेटवस्तू’ किंवा ‘खाऊ’ लिहून भागत नाही. आमसुले, फणसपोळी, कुळथाचे पीठ असे एकेक नाव लिहावे लागते. ही तपासणी मला योग्यच वाटते, कारण त्याच विमानातून आपली माणसेही प्रवास करत असतात.

अडचण सुरू होते ती पावसाळ्यात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकले, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात व संपर्काबाहेर राहिली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, कोकण रेल्वे थांबली आणि महामार्गावरील जुना पूलही खचला. पूर्वी अशा वेळी प्रश्न फक्त रस्ता मोकळा होण्याचा असे. कागदी फॉर्म चिकटवलेले पार्सल गाडी सुरू होताच निघू शके. आता रस्ता मोकळा झाला तरी वीज आणि इंटरनेट नसेल तर आगाऊ माहिती पुढे जात नाही, आणि माहितीवाचून पार्सल विमानात चढत नाही. सुरक्षेचा नियम आणि वादळ यांची अशी गाठ किनाऱ्यावर पडते, आणि नियम आखताना तिचा विचार झालेला मला तरी दिसत नाही.

पलीकडच्या टोकालाही हवामान सोडत नाही. १६ एप्रिल २०२४ रोजी दुबईत वर्षभराचा पाऊस एका दिवसात कोसळला आणि हजाराहून अधिक विमानफेऱ्या रद्द झाल्या. आखातातले टपालही विमानानेच ये-जा करते, हे येथे सांगायला नको.

मला खटकतो तो विलंब नव्हे, मौन खटकते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आयातशुल्काची सवलत काढून घेतली, तेव्हा भारतीय टपाल खात्याने तिकडचे टपाल स्थगित केल्याचे जाहीर केले आणि १५ ऑक्टोबरला ते पुन्हा सुरू झाल्याचेही सांगितले. दिवाळीच्या तोंडावर सेवा सुरू झाल्याने अनेकांचा फराळ वेळेवर पोहोचणे कठीण होते, पण निदान कारण ठाऊक होते. वादळ किंवा तपासणीमुळे पार्सल अडले असता तशीच सूचना गावच्या टपाल कार्यालयाबाहेरील फलकावर लागावी, हे मागणे अवाजवी नाही. मोबाइलवर क्रमांक टाकून शोध घेणे प्रत्येक वृद्ध आईवडिलांना जमतेच असे नाही.

तोवर एवढे करता येईल की शाळेचे दाखले, मुखत्यारपत्रे यांसारखे कागद खाऊच्या डब्यात घालू नयेत. केवळ कागद असलेल्या साध्या पत्राला ही आगाऊ माहितीची अट सहसा लागत नाही. आणि डबा पाठवायचाच असेल तर तो मृग लागण्यापूर्वी, मे महिन्यातच रवाना करावा.