शातो मुसार २००९: नेलपॉलिशच्या वासाचा छडा

लेबनॉनच्या शातो मुसार या रेड वाईनला नेलपॉलिशचा वास येतो, ही तक्रार आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल. वास येतो हे खरंच आहे. पण तो कधी आणि किती येतो, हे स्वतः तपासायचं बरेच दिवस मनात होतं. लंडनहून येणाऱ्या मावसभावाने दोन बाटल्या आणल्या, एक २००९ च्या पिकाची आणि एक २०१४ च्या. ड्यूटी-फ्रीच्या दोन लिटरांत ७५० मिलीच्या दोनच बसतात, त्यामुळे त्याला स्वतःच्या सिंगल माल्टवर पाणी सोडावं लागलं. त्याचे टोमणे अजून चालू आहेत.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. गास्तों होशार यांनी १९३० साली लेबनॉनमधल्या गाझिर गावी ही वायनरी काढली. १९५९ पासून वाईन बनवण्याची सूत्रं मुलगा सर्ज याच्याकडे आली, आणि आज त्याची मुलं कारभार बघतात. गंमत म्हणजे वायनरी एकीकडे आणि मळे डोंगरापलीकडे बेकाच्या खोऱ्यात, सुमारे हजार मीटर उंचीवर. द्राक्षं ट्रकमधून घाट ओलांडून आणायची. यादवी युद्धाच्या काळात तो रस्ता म्हणजे जिवाशी खेळ होता. १९७६ ची वाईन झालीच नाही. १९८४ ची द्राक्षं तर वाटेतच आंबायला लागली होती.

आता वासाकडे. कॅबरने सोव्हिन्यॉं, सँसो आणि कारिन्यान ही तीन द्राक्षं काँक्रीटच्या टाक्यांत, सालीवरच्याच यीस्टने आंबतात. मग साधारण वर्षभर फ्रेंच ओकच्या पिंपांत मुक्काम, मिश्रण, न गाळता बाटलीबंद, आणि तळघरात विश्रांती. पीक निघाल्यापासून बाजारात यायला सात वर्षं लागतात. वाईन टिकावी म्हणून घालतात ते सल्फर अगदी बेताचं. अशा वाईनमध्ये थोडं ॲसेटिक ॲसिड आणि इथाइल ॲसिटेट तयार होणारच, आणि नेलपॉलिशचा वास हा इथाइल ॲसिटेटचाच. कारखान्यातल्या शिस्तीच्या वाईनची सवय असलेल्याला हा सरळ दोष वाटतो. मला तो प्रमाणात असेल तर हवाच आहे.

२००९ ची बाटली प्रवासानंतर बरेच आठवडे वाईन फ्रिजमध्ये १३ अंशांवर आडवी होती. उघडायच्या आदल्या दिवशी उभी केली, म्हणजे गाळ तळाशी बसतो. कॉर्क लांब आणि खालच्या टोकाला जांभळा, पण मऊ पडलेला. स्क्रू न वापरता दोन पात्यांचा ओपनर घातला आणि हळूहळू पिळत काढला; अख्खा आला. ओतताना बाटलीच्या मानेमागे मोबाईलचा टॉर्च धरला. शेवटचं बोटभर उरलं तेव्हा खांद्यापाशी चहाच्या भुकटीसारखा गाळ सरकताना दिसला, तिथेच थांबलो. रंग मधे कोकमासारखा, कडेला विटकरी.

दोन ग्लास भरले. एक फ्रिजमधून काढून १७ अंशांवर आणलेला, दुसरा ओट्यावर तसाच सोडलेला. पुण्यातला एप्रिल, म्हणजे तो तिशीच्या घरात गेला. गरम ग्लासने नाकात भसकन नेलपॉलिशच घातलं, त्यामागे अल्कोहोल, बाकी काही कळेना. थंड ग्लासमध्ये तोच वास होता, पण मागच्या बाकावर. पुढे आंबट चेरी, सुकं अंजीर, संत्र्याची साल, आणि थोडा चामड्याचा, गोठ्याच्या जवळपास जाणारा वास (हे ब्रेट नावाच्या रानटी यीस्टचं काम, मला चालतं, बायकोला नाही). टॅनिन, म्हणजे सालीतून येणारा तुरटपणा, जवळजवळ विरघळलेलं, आंबटपणा मात्र ताठ. ‘रूम टेंपरेचर’ला रेड प्यायची हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या खोल्या गार होत्या, आपल्या नाहीत. माझ्या मते आपल्याकडे मुसारला नावं ठेवण्यात निम्मा वाटा उकाड्याचा आहे.

उरलेली अर्धी लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या रात्री ती जास्त छान लागली. फळ पुढे आलं, गोठा मागे गेला. तिसऱ्या रात्री आंबटपणा वरचढ झाला, म्हणजे या बाटलीची मर्यादा तेवढीच. मुसारच्या दोन बाटल्या सारख्या निघतीलच असं नाही, त्यामुळे हा निकाल याच बाटलीपुरता.

जेवणात मटणाचं सुकं केलं होतं, मिरची मुद्दाम कमी, मिरी आणि दालचिनी नेहमीची. जमलं. तांबड्या रश्शाबरोबर मात्र कुठलीही जुनी वाईन उघडू नका. तिखटाने अल्कोहोल चटका देतं आणि सगळा नाजूकपणा वाहून जातो.

२०१४ दिवाळीनंतर, थंडी पडली की उघडेन. ती तरुण आहे, तेव्हा डिकँटरमध्ये (हवा लागावी म्हणून वाईन ओततात ते भांडं) चांगली दोन-तीन तास ठेवायचा विचार आहे. कोणी २०१४ उघडली असेल तर किती वेळ हवा दिलीत आणि किती अंशांवर प्यायलात, तेवढं जरूर कळवा.