आमची वाटचाल: वाळूजचे खोके, दुबईची घरं

संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी लाकडी खोके ठोकणं हे आमचं मूळ काम. निर्यातीच्या खोक्याचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवावं लागतं आणि तसा शिक्का मारावा लागतो. लाकडातून कीड जाऊ नये म्हणून हा नियम आहे; शिक्का नसेल तर माल बंदरातच अडतो. ही शिस्त अंगी मुरल्यामुळे आखातातून कायमचं परतणाऱ्यांचं सामान आणायचं काम आमच्याकडे येऊ लागलं. आधी परभणी-नांदेडकडचे ओळखीतले, मग त्यांचे तिकडचे शेजारी. आता धंद्याचा बराच भाग दुबई-शारजातली घरं आवरण्याचाच आहे.

पूर्वी आम्ही नुसतं सामान मोजायचो, आता आधी तारखा लावून देतो. इतकी वर्षं राहिलेलं शहर सोडताना लोक भिंतीवरचे फोटो उतरवायला घेतात. हात आधी बँकेच्या कामाला घालावा. कर्ज शिल्लक असताना नोकरी संपल्याचे पैसे खात्यात आले की बँक ते अडवून ठेवू शकते. तिथल्या कायद्यानं ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षं दर वर्षामागे 21 दिवसांच्या पगाराची, पुढे 30 दिवसांच्या. आणि देणं 14 दिवसांत चुकतं व्हायला हवं. पण ती मूळ पगारावर मिळते, भत्ते धरून नाही. गावाकडच्या बांधकामाचा हिशोब अनेकांचा इथंच कोसळतो.

व्हिसा रद्द करताना बायको-मुलांचा आधी, कमावत्याचा नंतर. वीज-पाणी तोडल्यावर अनामत परत मिळते, दुबईत फ्लॅटसाठी 2,000 दिरहम भरलेले असतात. ती बँकेत जमा होते आणि बँकेची खातरजमा तिथल्या मोबाइल नंबरावरून होते. म्हणून बंद करायचा क्रम असा: वीज-पाणी, भाडेकराराची नोंद, अनामत जमा झाल्याची खात्री, मग खातं, अगदी शेवटी सिम. सिम आधी गेलं की संभाजीनगरात बसून त्या खात्याशी झटापट करत बसावं लागतं.

सामानाबद्दल आमचं मत लोकांना रुचत नाही, तरी सांगतो: निम्मं तिथंच विकून टाका. भुशाच्या बोर्डाचं कपाट एकदा सुटं केलं की जुन्या भोकांत स्क्रू पुन्हा धरत नाही, आणि समुद्रात ओल लागली तर कडा फुगतात. 20 फुटी कंटेनर कागदावर 33 घनमीटरचा असतो, घरसामान मात्र त्यात जेमतेम 26-28 घनमीटर बसतं. भाडं घनमीटरवर असतं, त्यामुळे सोफा म्हणजे पैसे देऊन हवा आणणं. पाटा-वरवंटा मात्र बिनधास्त पाठवा. जागा कमी खातो, मोडत नाही. (जालन्याहून तिकडे गेलेले पाटे परत येताना आम्ही पाहतो.)

फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा ड्रम ट्रान्झिट बोल्टनं जखडल्याशिवाय हलवू नये. हे बोल्ट मशीन बसवताना काढलेले असतात आणि बहुतेक घरांतून हरवलेले. ते नसतील तर धक्क्यांनी ड्रमचे स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर जातात. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून आतून कोरडा पुसायचा, दार किंचित फटीवर ठेवायचं आणि पूर्ण प्रवासात उभाच न्यायचा. पावसाळ्यात कंटेनरच्या छताला आतून दव धरतं आणि खाली टपकतं. ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगल्याशिवाय आम्ही दार लावत नाही.

न्हावा शेवा बंदरात अडवणूक होते ती मुख्यतः यादीमुळे. ‘किचनचं सामान’ असं मोघम लिहिलं की खोके फुटलेच म्हणून समजा. खोक्याचा नंबर, वस्तू, नग, जुनी की नवी, अंदाजे किंमत, एवढं हवंच. दोन वर्षं बाहेर राहून परतणाऱ्याला घरसामानावर सवलत मिळते. 2016 च्या बॅगेज नियमांनी सामान प्रवाशाच्या आगमनाआधी दोन महिन्यांपासून पोचू शकतं आणि आगमनानंतर महिन्याभरात परदेशातून निघायला हवं, अशी चौकट घातली होती. आकडे बदलत असतात, म्हणून कस्टम एजंटाला आम्ही दर वेळी नव्यानं विचारतो. ई-सिगारेट 2019 पासून देशात बंद. दुबईची गाडी डाव्या स्टिअरिंगची, ती आणायचा विचारच सोडावा.

इकडे पोचल्यावरचं काम आम्ही नंतर जोडलं. दोन्हीकडे वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, तेव्हा उपकरणं चालतात, फक्त तीन चौकोनी पिनांचा प्लग बदलायचा. पण तिकडचं नळाचं पाणी समुद्राचं क्षार काढलेलं, आणि लातूर-बीडकडचं बोअरचं पाणी जड. मशीनच्या हीटरवर थर चढतो. म्हणून क्षार काढणारी पावडर महिन्याला आणि पाण्याच्या नळीला जाळी. गच्चीवरची टाकी मशीनच्या जेमतेम डोक्यावर असेल तर दाबही पुरत नाही: दहा मीटर उंचीला एक बार (दाबाचं माप), तीन मीटरला 0.3. तिथं छोटा बूस्टर पंप बसवावा लागतो.

संभाजीनगरातल्या गुलमंडीसारख्या भागात मोठी गाडी शिरत नाही. माल वाळूजच्या गोदामात उतरवून छोट्या टेम्पोत भरतो, त्याची मजुरी कोटेशनमध्ये वेगळी लिहिलेली असते. जून-जुलैत तिकडच्या शाळा सुटतात आणि सगळेच एकदम निघतात. त्या दोन महिन्यांची बुकिंग मार्चअखेर बंद करतो.