आईचा फोन आणि कॉम्प्युटरचा हेडसेट

आईच्या उजव्या हाताची बोटं सांधेदुखीने वळत नाहीत. अमरावतीच्या मावशीचा फोन रोज संध्याकाळी लँडलाइनवर येतो आणि तासभर चालतो. रिसीव्हर कान-खांद्यात दाबून तिची मान आखडायची. स्पीकर लावावा तर नागपूरचा मे महिना, कूलरच्या घरघरीत काही ऐकूच येत नाही. कॉम्प्युटरचा एक हेडसेट घरात पडून होता, तोच जोडायचं ठरवलं.

बर्डीच्या बाजारातून रिसीव्हरची गुंडाळीची वायर, ३.५ मिमीची दोन सॉकेटं आणि प्लॅस्टिकची डबी आणली. दुकानदार म्हणाला, "काहून एवढी मेहनत करता भाऊ, नवा फोनच घेऊन टाका ना." पण या फोनची बटणं आईला न बघता सापडतात.

भिंतीतल्या लाइनला मी हात लावला नाही. तिथे ४८ व्होल्ट असतात, रिंग वाजताना त्याहून बरेच जास्त. जोडायचं ते रिसीव्हरच्या जागी. रिसीव्हर उघडून पाहिला: चार तारा, मधल्या दोन कानाकडे, कडेच्या दोन माइककडे.

नव्या वायरच्या तारा त्याच हिशेबाने डबीतल्या सॉकेटांना सोल्डर केल्या, हेडसेट खोचला आणि मावशीला फोन लावला. तिचं "हॅलो, हॅलो" ऐकू येई, आमचं तिला काहीच नाही. हेडसेटच्या इलेक्ट्रेट जातीच्या माइकमध्ये छोटा ट्रान्झिस्टर असतो, त्याला थोडी वीज लागते. ती आमचा फोन देतो, पण अधिक-उणे जागेवर हवं, आणि मी नेमकं उलटं जोडलं होतं. मल्टिमीटरने अधिकची तार शोधून सॉकेटच्या टोकाच्या पायाला (जो प्लगच्या टोकाला टेकतो) लावली, उणे बाहेरच्या पायाला. जुन्या कार्बन माइकच्या (कोळशाच्या कणांवर चालणाऱ्या) फोनवर मात्र ही जोडणी जशीच्या तशी करू नका.

आता मावशीला ऐकू जायला लागलं, पण आईला तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटे. हेडसेटचे दोन्ही कान समांतर, म्हणजे शेजारी-शेजारी, जोडल्याने त्यांचा विजेला होणारा रोध ३२-३२ ओहमचा १६ झाला होता, फोनसाठी फारच कमी. मग दोन्ही कानांची सामाईक तार मोकळी सोडली आणि फोनच्या तारा डाव्या-उजव्या कानाच्या पायांनाच जोडल्या. कान एकामागे एक आले, ६४ ओहम झाले, आवाज खुलला.

रिसीव्हरची वायर काढली आहे, तो आता फोनचा खटका दाबण्यापुरता वर ठेवलेला असतो. रिंग वाजली की आई डाव्या हाताने तो बाजूला ठेवते, हेडसेट चढवते आणि उजवा हात उशीवर टाकून बसते. माइक तोंडाजवळ असल्यामुळे पहिल्याच दिवशी मावशीने विचारलं, "आज कूलर बंद हाय का वं?"