जर्मनीत दही, तूप आणि इडलीचं पीठ: ठाण्याची हवा सोबत नसताना

ऑक्टोबरात जर्मनीतल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र सुरू होतं, त्यामुळे नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत बऱ्याच घरांत सप्टेंबरात बॅगा भरल्या जातात. त्या बॅगेत तुपाची बरणी ठेवू नका. भारतातून युरोपीय संघात येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. तूप, पेढे, खवा, सुकवून नेलेलं विरजण, सगळं त्यात आलं. हे पदार्थ तिथेच करावे लागतात आणि उत्तम होतातही. फक्त घरून लिहून घेतलेली कृती जशीच्या तशी चालत नाही, कारण तिच्यातली एक गोष्ट कागदावर उतरलेलीच नसते. ती म्हणजे ठाण्याची हवा. ओट्यावर वर्षाचे बहुतेक दिवस आयती ऊब असते, म्हणून ‘रात्री विरजण लावा, सकाळी दही तयार’ एवढं सांगून भागतं. जर्मनीतलं स्वयंपाकघर हिवाळ्यात एकोणीस-वीस अंशांवर असतं. तिथे ऊब आपण पुरवायची असते, आणि ती मोजून. म्हणून सुई असलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर पहिल्याच आठवड्यात घ्या.

आधी दूध. ‘फोलमिल्श’ म्हणजे किमान ३.५ टक्के स्निग्धांशाचं दूध. आपल्याकडच्या फुल क्रीम दुधात तो ६ टक्के असतो, त्यामुळे दही थोडं पातळ लागणारच. शीतकपाटातलं ताजं दूध घ्या. बाहेरच्या फळीवर महिनोन्‌महिने टिकणारं ‘हा-मिल्श’ दह्याला चालेल, पनीरला नाही. अतिउष्णतेवर प्रक्रिया झाल्यामुळे त्याचा चोथा भुसभुशीत होतो आणि वडी धरत नाही.

एक लिटर दूध ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवून दहा मिनिटं तिथेच धरा. पाश्चराइज्ड असलं तरी ही पायरी गाळू नका. या उष्णतेने निवळीतली प्रथिनं उलगडून केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात आणि दही घट्ट लागतं. नुसतं कोमट करून विरजलेल्या दह्यावर पाणी सुटतं ते यामुळेच. मग दूध ४३ ते ४५ अंशांवर आणा आणि दोन चमचे साधं दही चांगलं घोटून मिसळा. ५० अंशांच्या पुढे विरजण मरायला लागतं.

विरजणासाठी दुकानातल्या डब्यावर ‘योगुर्ट’ लिहिलंय की ‘योगुर्ट मिल्ड’, ते बघा. ‘मिल्ड’मध्ये बल्गेरिकस जिवाणूऐवजी दुसरे लॅक्टोबॅसिलस वापरतात, म्हणून ते कमी आंबतं. कढीला किंवा ताकाला ते फिकं पडतं. ‘वेर्मेबेहान्डेल्ट’ हा शब्द दिसला तर डबा परत ठेवा. ते दही लागल्यानंतर पुन्हा तापवलेलं असतं, त्यात जिवंत विरजण उरत नाही.

आता ऊब. ओव्हन ५० अंशांवर पाच मिनिटं चालवून बंद करा, दुधाचं भांडं जाड टॉवेलमध्ये गुंडाळून आत ठेवा आणि दिवा चालू ठेवा. जुन्या ओव्हनचा दिवा चांगली ऊब देतो, एलईडी असेल तर त्याचा उपयोग नाही. मग गरम पाण्याची रबरी पिशवी शेजारी ठेवावी लागते. पातळ स्टीलचं पातेलं लवकर गार होतं, त्यापेक्षा जाड काचेची बरणी किंवा चिनी मातीचं भांडं बरं. पाच ते सात तासांत दही लागतं. मधे हलवून बघू नका. दह्याला तार सुटली, चिकट झालं, तर बहुतेक वेळा ते थंडीत रेंगाळलेलं असतं. पुढच्या वेळी ऊब वाढवा, विरजण वाढवू नका. जास्त विरजणाने दही फक्त लवकर आंबट होतं.

वसतिगृहात ओव्हन नसेल तर ‘बटरमिल्श’ म्हणजे ताक आणा. त्यातले जिवाणू कमी ऊबेत काम करणारे असतात. तापवून पंचवीस अंशांपर्यंत निववलेल्या एका लिटर दुधात अर्धी वाटी ताक घाला आणि भांडं हीटरच्या जवळपास, त्याच्यावर नव्हे, ठेवा. बावीस अंशांच्या आसपास अठरा ते चोवीस तासांत ते लागतं. दही जरा मऊ, पण चव गोडसर आणि लोण्यासारखी, आपल्या घरच्या दह्याच्या जवळची. शिवाय ‘राइने’ हा शब्द असलेल्या बटरमिल्शमध्ये वरून पाणी घातलेलं नसतं.

तुपाची गोष्ट मात्र मुळापासून वेगळी आहे. दूध तापवून, साय साठवून, विरजून लोणी काढायचं हा ठाण्यातला क्रम तिथे जमत नाही, कारण दुकानातलं बहुतेक दूध होमोजिनाइज्ड असतं. स्निग्धांशाचे कण इतके बारीक केलेले असतात की ते वर तरंगतच नाहीत. तेव्हा सरळ साय विकत घ्यायची. ‘श्लागझाने’मध्ये किमान ३० टक्के स्निग्धांश असतो. घटकांमध्ये ‘कॅराजीन’ (घट्टपणा आणणारा पदार्थ) लिहिलेलं असेल तर ती टाळा, त्या घट्टपणामुळे लोणी सुटायला त्रास होतो.

अर्धा लिटर सायीत दोन चमचे दही किंवा बटरमिल्श मिसळून पंचवीस अंशांच्या आसपास बारा ते अठरा तास ठेवा. दाट झाली आणि आंबूस वास आला की फ्रीजमध्ये घाला, आणि घुसळायच्या आधी बारा ते चौदा अंशांवर येऊ द्या. सगळी गोम याच आकड्यात आहे. ठाण्यात साय गरम असते म्हणून आपण बर्फाचं पाणी घालतो. तिथे फ्रीजमधून थेट काढलेली साय चार-पाच अंशांवर असते. ती मिक्सरमध्ये नुसती फुगत राहते, लोणी सुटायला फार वेळ लागतो. अशा वेळी कोमट पाणी थोडं थोडं घालायचं. उलट वीस अंशांच्या वर गेली तर लोणी तेलकट होऊन ताकातच राहतं. गोळा जमला की गार पाण्याने दोन-तीनदा धुवा. ताक राहिलं तर लोणी लवकर खवट होतं. अर्ध्या लिटरमधून साधारण १८० ग्रॅम लोणी आणि १४० ग्रॅमच्या आसपास तूप निघतं.

एवढा खटाटोप रोज कोण करणार? रोजच्या तुपासाठी दुकानातलं बिनमिठाचं लोणी घ्या, पण ‘झाउअरराम’ लिहिलेलं. ते विरजलेल्या सायीचं असतं, म्हणून तुपाला आपला वास येतो. ‘झ्यूसराम’ म्हणजे न विरजलेल्या सायीचं. त्याचं तूप दिसतं छान, पण वरणभातावर घातलं की काहीतरी कमी वाटतं. २५० ग्रॅमच्या वडीतून दोनशे ग्रॅमपेक्षा जरा कमी तूप मिळतं, कारण लोण्यात ८२ टक्के स्निग्धांश असतो, बाकी मुख्यतः पाणी.

कढवताना एक धोका आहे. गॅस बंद केला की आच संपते, पण काचेची इलेक्ट्रिक शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. तडतड थांबली, फेस बारीक झाला आणि बेरी फिकट सोनेरी दिसली की पातेलं उचलून बाजूला ठेवा. बंद शेगडीवरच राहू दिलं तर बेरी काळी पडते आणि सगळं तूप कडवट होतं.

इडलीच्या पिठाला ‘पारबॉइल्ड’ तांदूळ चालतो, तो साध्या सुपरमार्केटमध्येही मिळतो. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धा चमचा मेथी, भिजवलेले मूठभर पोहे. डाळ गार पाणी घालत हलकी होईपर्यंत वाटा. मिक्सरचं भांडं तापलं तर थांबा. अठ्ठावीस-तीस अंशांवर बारा ते चौदा तासांत पीठ फुगतं, वीस अंशांवर दीड दिवसही लागतो. मिठामुळे आंबणं मंदावतं, म्हणून थंडीत ते पीठ फुगल्यावर घाला. गुलाबी किंवा हिरवट झाक दिसली तर पीठ टाकून द्या. वरचा थर काढून वापरू नका.

मिक्सर ठाण्यातूनच नेता येतो. जर्मनीतही वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झच आहे, फक्त तीन पिनांच्या प्लगला अर्थिंग असलेला अडॅप्टर लागतो. अमेरिकेला जाणाऱ्यांनी मात्र हाच मिक्सर नेऊ नये, तिथे १२० व्होल्ट असतात.

पनीरसाठी एका लिटर उकळत्या दुधात दोन मोठे चमचे लिंबाचा रस थोडा थोडा घाला. निवळी हिरवट आणि स्वच्छ दिसली की थांबा. पुढे घातलेला प्रत्येक थेंब पनीर कडक करतो. दीडशे ग्रॅमपर्यंत पनीर मिळतं. लिंबाऐवजी व्हिनेगर घेणार असाल तर बाटली नीट वाचा. ‘एसिग-एसेन्झ’ हे २५ टक्के तीव्रतेचं अ‍ॅसिटिक आम्ल असतं आणि ते व्हिनेगरच्याच फळीवर ठेवलेलं दिसतं. एक भाग एसेन्झला चार भाग पाणी घातल्यावर ते साध्या व्हिनेगरइतकं होतं. तसंच ओतलं तर पनीर जाईलच, पण हातावर किंवा डोळ्यात उडालं तर इजाही होते.