तुम्ही विचारलंत म्हणून: चांगली योजना फसते कुठे?

सोलापुरात पाण्यावर बोलणं निघालं की हा प्रश्न हमखास येतो: योजना कागदावर एवढी चांगली, मग फसते कुठे? आणि फसल्यावर शिकायचं कसं? सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या पट्ट्यातलं शेततळंच घ्या.

'मागेल त्याला शेततळे' 2016 मध्ये आलं. वाहून जाणारं पावसाचं पाणी साठवायचं आणि पावसाने ओढ दिली की पिकाला एखादं-दुसरं पाणी द्यायचं, हा हेतू. अनुदान तेव्हा जास्तीत जास्त 50,000 रुपये, खोदाईच्या मापावर. आणि इनलेट-आउटलेट, म्हणजे वाहतं पाणी आत यायची आणि जादा पाणी बाहेर जायची वाट, असलेलं आणि नसलेलं, दोन्ही प्रकारचं तळं चालत होतं. माझ्या मते योजना फसली ती इथेच.

आता हिशेब करा. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या तळ्यात सुमारे 22 लाख लिटर मावतं. चारी बाजूंनी बांध चढवून आत प्लास्टिकचा कागद अंथरला की शिवारातलं पाणी आत यायला वाटच राहत नाही. 500 मिलिमीटर पावसात वरून थेट पडतं ते साडेचार लाख लिटर. बाकीचे साडेसतरा लाख बोअर नाहीतर विहिरीतून. उन्हाळ्यात दिवसाला 7 मिलिमीटर उडालं, तर 900 चौरस मीटरवरून रोज 6,300 लिटरची वाफ! जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वीज जाळून उन्हात आणायचं, आणि कागदोपत्री ते जलसंधारण.

यात डाळिंबवाल्याला दोष देणं अन्यायाचं आहे. शेजारचा बोअर उपसायच्या आत आपलं तळं भरून ठेवणं, बाग वाचवायची तर त्याला भागच आहे.

पाहणी करायची तर तळी यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडा. साहेबांनी दाखवलेली नकोत. ऐन पावसाळ्यात जा आणि आधी पाइप कुठून येतो ते बघा. इनलेट असेल तर त्याच्या अलीकडे गाळ बसायला खड्डा आहे का? नसेल तर तळं गाळाने भरत जातं. भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजतात. ऑक्टोबर ते मार्चची घट काढा आणि तेवढ्याच पावसाच्या जुन्या वर्षाशी ताडून बघा. नुसत्या मागच्या वर्षाशी ताडलं तर चांगल्या पावसाचं श्रेय योजना घेऊन जाते. जमलं तर फारशी तळी नसलेलं, तशाच जमिनीचं शेजारचं गावही मोजा.

आणि पुढच्या शासन निर्णयात एवढं तरी घाला: अनुदानाचा शेवटचा हप्ता पहिल्या पावसाळ्यानंतर, इनलेटमधून पाणी आत आल्याची नोंद झाल्यावरच.