पुनर्वाचन नोंद ११ : रियाझने तक्ता मोडला

आमच्या वाचनगटातल्या ताईंनी पुस्तकाला चार गुण दिले होते. परवा रात्री त्यांनी ते चार खोडून दोन केले. काल सकाळी दोनही खोडले आणि रकान्यात नुसती एक आडवी रेघ मारून ठेवली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "अगं, पुस्तक वाईट नाहीये. मला राग आलाय. रागाला किती गुण द्यायचे, ते तुझ्या तक्त्यात कुठे लिहिलंय?"

तर मंडळी, अकराव्या पुस्तकापाशी, 'टँगल ऑफ नीड'पाशी गाडी रुतली आहे.

नलिनी सिंगची साय-चेंजलिंग ही प्रेमकथांची मालिका (साय म्हणजे मनःशक्ती असलेली माणसं, चेंजलिंग म्हणजे प्राण्याचं रूप घेऊ शकणारी) पहिल्यापासून, क्रम न मोडता, सात जणींनी पुन्हा वाचायची आणि प्रत्येकीचं मत नोंदवायचं, हा आमचा उद्योग तुम्हाला ठाऊक आहेच. रकाने चार: गाठ (जोडीदारांमधला बंध), मौन (सायांनी भावना दाबून टाकणं), अल्फा (कळपाचा म्होरक्या), पुन्हा वाचणार का. दहा पुस्तकं हे सुरळीत चाललं. 2006च्या 'स्लेव्ह टू सेन्सेशन'ला सगळ्यांनी चारच्या वर दिले, जड नावाच्या नायकासाठी 'कॅरेस्ड बाय आइस'ला तर दोघींनी सहा लिहिले (पाचपैकी!). 'ब्लेझ ऑफ मेमरी'ला कुणालाच फार काही म्हणायचं नव्हतं, आणि त्यावर आमचं एकमत झालं. मी मनात म्हणत होते, बाई, जमलं तुला.

अकराव्याला आले ते गुण असे: पाच, दोन, दोन, चार, एक, 'डीएनएफ' (म्हणजे अर्धवट सोडलं), आणि ताईंची रेघ.

आधी एक छोटी खुशखबर सांगते, म्हणजे पुढचं रडगाणं सुसह्य होईल. माझ्या वाचन-ॲपने मागच्या अपडेटमध्ये सगळ्या अधोरेखित ओळी गिळल्या होत्या, आठवतंय ना? त्या मिळाल्या. जुन्या टॅबवर निर्यात करून ठेवलेली फाइल होती, मीच विसरले होते. तेव्हा पुन्हा एकदा सांगते: ॲपवर विसंबू नका, महिन्यातून एकदा टिपणं बाहेर काढून ठेवा. आणि ज्यांना ही मालिका फक्त ऐकायची आहे त्यांनी खुशाल ऐका, पण मतं नोंदवायला ऑडिओ कुचकामी आहे. भांडी घासताना ऐकलेलं वाक्य नंतर सापडत नाही, आणि भांडण जुंपतं ते नेमकं त्याच वाक्यावरून.

आता मूळ दुखणं.

या मालिकेत चेंजलिंगांचा एक नियम आहे. लांडगा असो, बिबळ्या असो, जोडीदार ओळखू येतो आणि मेटिंग बाँड जुळतो. मादीने तो स्वीकारायचा असतो, पण एकदा जुळला की जुळला. पहिल्या पुस्तकात तर त्यावर साशाचा, म्हणजे साय नायिकेचा, जीव तगतो. सायनेटमधून, म्हणजे सायांच्या मनांना जोडणाऱ्या जाळ्यातून, बाहेर पडलेल्या साय माणसाला मेंदूला लागणारा प्रतिसाद मिळाला नाही तर तो मरतो, आणि तिला तो मिळतो बिबळ्यांच्या अल्फाशी, ल्युकसशी जुळल्यामुळे, त्याच्या रक्षकांच्या जाळ्यातून. म्हणजे हा बाँड नुसता गुलाबी मामला नाही, कथेचं यंत्रच त्यावर चालतं. (सायनेट म्हटलं की मला अजूनही दुधावरच्या सायीचं जाळं दिसतं. अकरा पुस्तकं झाली, जात नाही.)

आणि मग येतो रियाझ. स्नोडान्सर या लांडग्यांच्या कळपाचा लेफ्टनंट, युरोपातून परतलेला. त्याला त्याची जोडीदार सापडलेली आहे, लिझेट नावाची. फक्त तिचं लग्न झालंय आणि नवऱ्यावर तिचं मनापासून प्रेम आहे. पुस्तक आहे ते रियाझ आणि एड्रियाचं. एड्रिया म्हणजे नवव्या पुस्तकातल्या इंडिगोची मावशी, वयाने जवळपास तिच्याच बरोबरीची, स्वतः एका कडवट नात्यातून बाहेर पडलेली. दहा पुस्तकं आपल्याला सांगितलं की जोडीदार एकच. अकराव्यात सांगितलं की तो एक मिळाला नाही तरी दुसऱ्या कुणावर तितकंच प्रेम करता येतं.

पाच गुण देणारी म्हणते, संपूर्ण मालिकेतलं हे एकमेव मोठ्या माणसांचं प्रेम आहे. एक देणारी म्हणते, माझी फसवणूक झाली. दोनवाल्या दोघी मला एका गटातल्या वाटल्या होत्या, म्हणून मी मागच्या आठवड्यात त्यांना एकत्र बोलतं केलं, तर तिथेच जुंपली. एकीने दोन दिले कारण रियाझने लिझेटला विसरायलाच नको होतं. दुसरीने दोन दिले कारण तो लिझेटला विसरायला फार वेळ लावतो! आकडा एकच, पण एकीला नियम मोडल्याचा राग आणि दुसरीला तो पुरता मोडला नाही याचा. सरासरी काढली तर यातलं काहीच दिसत नाही. ताऱ्यांवर माझा विश्वास आधीपासून बेताचाच होता, आता तोही गेला.

माझी पहिली शंका होती ती गर्दीवर. दहावं पुस्तक 'किस ऑफ स्नो' (2011) संपतं तेव्हा स्नोडान्सरचा अल्फा हॉक आणि सिएना नुकते कुठे एकत्र आलेले, प्युअर साय या कट्टर साय गटाशी लढाई नुकती झालेली. अकराव्यात त्या दोघांची पानं इतकी आहेत की रियाझ-एड्रिया स्वतःच्याच पुस्तकात भाडेकरूसारखे राहतात. मी दोन रंगांच्या चिठ्ठ्या लावत गेले, हॉक-सिएनाला निळी, रियाझ-एड्रियाला पिवळी. अर्ध्यापर्यंत आल्यावर पुस्तकाची कड बघून मलाच हसू आलं, निळं काही थांबेना. पण गर्दी हे कारण असतं तर सगळ्यांनी सारखेच कमी गुण दिले असते. शिवाय पाचवालीला ती गर्दी आवडते.

दुसरी शंका: दोघंही लांडगे, मध्ये कुणी साय नाही, त्यामुळे जिवावर बेतण्यासारखं काही नाही. बाँड न जुळल्याने इथे कुणी मरणार नव्हतं. ही कल्पना मला इतकी पटली की मी तासभर तिच्यावर टिपण लिहिलं. मग आठवलं, 'ब्रँडेड बाय फायर'मध्ये मर्सी आणि रायली आहेत, बिबळी आणि लांडगा. 'प्ले ऑफ पॅशन'मध्ये इंडिगो आणि ड्रू, दोघंही लांडगे. तिथेही जोडीत साय नाही आणि दोन्ही पुस्तकं आमच्याकडे उड्या मारत पास झाली. टिपण फाडलं.

तिसऱ्यांदा मी हॉककडे गेले. कारण नियम पहिल्यांदा वाकवला तो रियाझसाठी नाही, हॉकसाठी. त्याची होऊ घातलेली जोडीदार लहानपणीच वारली, म्हणून आपल्याला आता कुणी नाही असं तो धरून चालतो, आणि तरी सिएना मिळते. मग हॉकला साडेचार आणि रियाझला दोन, हे कसं? एकदोनवाल्या तिघींना विचारलं. तिघींच्या उत्तरात एकच शब्द आला: जिवंत. लिझेट जिवंत आहे. ती आहे, हसते, नवऱ्याबरोबर वावरते. हॉकच्या कथेत मृत्यूने नियमाला सुट्टी दिली होती. इथे सुट्टी माणसाने स्वतः घेतली. (हॉकला सगळ्यांनीच माफ केलंय असं समजू नका. दोघींना सिएनाचं कोवळं वय अजून खुपतं, आणि त्यांची बाजू मी नोंद १०मध्ये दिली आहे. तो वाद इथे पुन्हा काढत नाही.)

इथवर आले आणि तरी तक्ता काही सुटेना. 'गाठ' रकान्यात या माहितीचं करायचं काय?

तोडगा मिळाला तो चक्क शब्दातून. मेटिंग बाँडला मराठीत काय म्हणायचं यावर आम्ही सुरुवातीला किती डोकं खाजवलं होतं, आठवा. 'जोडबंध' सुतारकामासारखं वाटायचं, 'सहचरबंध' प्रबंधासारखं. शेवटी 'गाठ' घेतलं कारण क्रियापदं आयती मिळत होती: पडते, बसते, सुटते. काल ताईंशी बोलताना मी सहज म्हणाले, "रियाझची लिझेटशी गाठ पडली, पण—" आणि ताई मध्येच म्हणाल्या, "पडली ना? मग पडू दे. बांधली कुणाशी ते बघ."

मी फोन कानाला तसाच धरून दोन मिनिटं गप्प.

गाठ पडते ती आपल्या हातात नसते. रस्त्यातही पडते कुणाशी तरी. बांधावी मात्र लागते, दोन्ही टोकं धरून. सात जणी एकाच रकान्यात दोन वेगळ्या गोष्टींना गुण देत होत्या! ज्यांना पडलेली गाठ हवी, त्यांच्यासाठी ही मालिका म्हणजे दिलेला शब्द, आणि रियाझ तो शब्द मोडतो. ज्यांना बांधलेली हवी, त्यांना इतके दिवस कसंनुसं होत होतं की सगळं लांडग्याच्या नाकावर सोडलंय, आणि त्यांना एड्रियाच्या रूपाने पहिल्यांदा हवं ते मिळालं. मी स्वतः चार दिले होते. आता बघते तर माझे 'पडली'ला दोन आणि 'बांधली'ला पाच आहेत.

म्हणजे आता मागच्या दहा पुस्तकांचा तो रकाना फोडून पुन्हा भरायचा. सात जणी, दहा पुस्तकं, सत्तर खणं, प्रत्येकात दोन आकडे. शीटमध्ये करणार नाही. शीटमध्ये खण दिसला की माणूस आकडा टाकून मोकळा होतो. कागदी कार्डं करते, प्रत्येकावर एक वाक्य लिहिणं सक्तीचं, आकडा त्याच्या खाली. अक्षर वाचता येणार नाही ही तक्रार आधीच फेटाळली आहे.

ठरल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात 'हार्ट ऑफ ऑब्सिडियन' (2013) सुरू व्हायला हवं. त्याबद्दल एवढंच: आमच्यात एक पहिल्यांदा वाचणारी आहे, तेव्हा घोस्ट नावाचं गूढ पात्र खरं कोण हे जो तिच्यासमोर बोलेल त्याला गटातून काढणार. पण हे लिहितानाच डोक्यात आलं, याच मालिकेतलं 'लास्ट गार्ड' मध्येच काढलं तर? क्रम मोडतो, मान्य. 2021चं पुस्तक, मधली कितीतरी उडवावी लागतील. पण पायल राव आणि कँटो मर्कंट दोघंही साय, म्हणजे लांडग्याचं नाक नाही, आपोआप पडणारी गाठच नाही. जे काही आहे ते बांधलेलं. आणि दिल्लीच्या राव घराण्याचं राजकारण वाचायला एरवीही आम्ही टपलेल्या आहोतच. रियाझला एक देणारी पायलला किती देते ते मला बघायचंय.

नाही, क्रम मोडणार नाही. नवीन वाचणारीवर अन्याय होईल. 'लास्ट गार्ड' मी एकटीच गुपचूप वाचते आणि माझं कार्ड भरून पाकिटात ठेवते.

'डीएनएफ'वालीचा आत्ताच निरोप आला. तिने पुस्तक सोडलं ते लिझेटमुळे नाही की गर्दीमुळे नाही, तिच्या प्रतीची शेवटची पानं सुटून पडली होती म्हणून. तीन आठवडे सांगितलं नाही! तिला माझी प्रत पाठवते आहे, चिठ्ठ्या काढून. ताईंची रेघ तूर्त तशीच आहे.